दाबू की नको?

२०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. बेडगी मिरच्या उन्हात घातल्या होत्या आणि मी गच्चीवर बसून देठ काढत होते. दोन्ही हात मिरचीचे. तेवढ्यात फोन वाजला. कोपरानं कसाबसा स्पीकर लावला. थोरल्या जाऊबाई होत्या. आम्ही सगळ्या त्यांना अक्काच म्हणतो.

"अग, फोनवर अपडेट कर म्हणून काहीतरी आलंय बघ. आज केलं नाही तर बँकेचं बंद होतंय म्हणे. दाबू की नको?"

"दाबा की अक्का," मी म्हटलं. "अपडेट तर करायलाच लागतं."

मग त्यांनी मिरचीचा भाव विचारला, मी सांगितला, आणि फोन ठेवला. जेमतेम दोन मिनिटांचं बोलणं. पण त्या "दाबा की" ची टोचणी मला अजून आहे.

अक्कांना आलेला तो निरोप फोनचा नव्हताच. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली ती एक फाईल होती. वर बँकेसारखं चित्र, खाली 'सुरक्षा अपडेट' असं लिहिलेलं. अक्कांनी ती उघडली. फोननं विचारलं, बाहेरचं ॲप बसवू का? अक्कांनी हो म्हटलं. त्या ॲपनं विचारलं, तुमचे मेसेज वाचू का? त्यालाही हो म्हटलं. धाकट्या जावेनं दाबायला सांगितलं होतं ना! पुढं एक पान उघडलं, त्यात त्यांनी कार्डाचा नंबर भरला. त्यानंतर बँकेचे ओटीपी अक्कांच्या फोनवर येत होते आणि दुसरंच कुणीतरी ते वाचत होतं. संध्याकाळपर्यंत बेचाळीस हजार रुपये गेले. शिखरजीच्या यात्रेला जायचं म्हणून पेन्शनीतून बाजूला टाकत आणलेले होते ते.

अक्का दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. लाज वाटली त्यांना. तिसऱ्या दिवशी मुलाला सांगितलं, त्यानं १९३० या नंबरावर तक्रार केली. अशा वेळी पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवायच्या आत कळवलं तर मधेच अडवता येतात. आमचे दोन दिवस गेले होते. पैसे आले नाहीत.

मी शहापूरला त्यांच्याकडे गेले. काय बोलावं सुचेना. त्यांनीच चहा टाकला आणि म्हणाल्या, "दाबलो मीच की ग. तुझं काय त्यात?" नंतर नातेवाईक, शेजारी, बस्तीतल्या बायका, सगळ्यांनी विचारलं, कसं काय झालं म्हणून. अक्कांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही. मीही सांगितलं नाही.

मार्चमध्ये आमच्या महिला मंडळाची बैठक होती. मी खजिनदार. शिवाय बी.ए. झालेली, चार ठिकाणी लिहिणारी, म्हणून बायका माझं ऐकतात. मी उभी राहून ठणकावून सांगितलं, "अपडेट हा शब्द दिसला की फोन खाली ठेवायचा. कुठलंही अपडेट असू दे, हात लावायचा नाही." सगळ्यांना पटलं. एकीनं ते वाक्य लगेच ग्रुपवर टाकलं. पुढं ते कुठं कुठं गेलं कोण जाणे. मला त्या दिवशी जरा हलकं वाटलं होतं, हे कबूल करते. एका चुकीच्या सल्ल्याची भरपाई झाली असं वाटलं.

प्रत्यक्षात मी दुसरी चूक केली होती. पहिली एकटीच्या बाबतीत, दुसरी चाळीसजणींच्या.

हे कळलं जुलैत. लेक बेंगळुरूला एका कंपनीत आहे, तिचं कामच हे, सॉफ्टवेअरमधली भोकं शोधायचं. दोन दिवसांसाठी घरी आली होती. माझं आयपॅड तिनंच घेऊन दिलेलं. त्यावर मी वाचते, लिहिते, नातवाला बघते. तिनं ते हातात घेतलं आणि म्हणाली, "आई, हे किती दिवस असंच आहे?"

"चालतंय की छान. कशाला हात लावायचा?"

"आणि फोन?"

फोनवर दर थोड्या दिवसांनी एक चौकट यायची आणि मी 'नंतर' दाबायची. अक्कांच्या प्रकारानंतर तर भक्तिभावानं दाबायची. तिनं फोनची माहिती उघडून दाखवली. तिथं सुरक्षेच्या दुरुस्तीची तारीख असते. माझी तारीख सव्वा वर्ष जुनी होती.

मी तिला मंडळातलं माझं भाषण सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. ती गप्पच बसली. मग म्हणाली, "आई, तू चोराला घाबरून वॉचमनलाच घालवून दिलंस."

मला राग आला. म्हटलं, "दोघांचं नाव एकच असल्यावर आम्ही बायकांनी ओळखायचं कसं?"

"दारावरून ओळखायचं," ती म्हणाली. "खरं अपडेट फोनच्या सेटिंग्जमध्ये असतं. ते मेसेजमधून येत नाही, व्हॉट्सॲपवरून येत नाही, फोन करून कुणी सांगत नाही. ॲपचं असेल तर ॲपच्या दुकानातच, प्ले स्टोअर नाहीतर ॲप स्टोअर. चौकट दिसली आणि शंका आली तर चौकटीवर बोट लावू नकोस. ती बंद कर, स्वतःच्या हातानं सेटिंग्ज उघड आणि तिथं बघ. खरं असेल तर तिथं असणारच."

इतकी साधी गोष्ट. फेब्रुवारीत मला माहीत असती तर अक्कांना एवढंच विचारलं असतं, "कुठून आलंय?"

मग मी तिला माझी खरी अडचण सांगितली. अपडेट केलं की सगळं बदलतं. बटणं इकडची तिकडं होतात, अक्षरं बारीक होतात, फोटो जातील का अशी भीती, बॅटरी उतरते, जागा भरते. आपल्या वयाच्या बायकांना एक गोष्ट हाताला बसायला सहा महिने लागतात, आणि बसली की यांचं नवीन येतं. तर ती म्हणाली, तू म्हणतेस ती वर्षाची मोठी अपडेट. ती म्हणजे दिवाळीआधी घराला रंग काढण्यासारखी. सामान हलतं, दोन दिवस काही सापडत नाही. पण मधे मधे येतात त्या छोट्या दुरुस्त्या वेगळ्या. दाराच्या कडीचा स्क्रू सैल झाला, तो आवळायचा. त्यासाठी दिवाळीपर्यंत थांबतं का कुणी?

त्या वर्षी ॲपलनं या छोट्या दुरुस्त्यांची वेगळी सोय सुरू केली होती. रॅपिड सिक्युरिटी रिस्पॉन्स असं तिचं नाव. १ मे २०२३ ला पहिली दुरुस्ती सगळ्यांना मिळाली. मोठ्या अपडेटची वाट न बघता फक्त सुरक्षेपुरतं तेवढंच काम, काही मिनिटांत होणारं. आवृत्तीच्या आकड्यापुढं कंसात एक अक्षर लागतं, त्यावरून ती बसली हे कळतं. जुलैत जी आली होती ती इंटरनेटची पानं दाखवणाऱ्या भागातल्या भोकासाठी. कुणी मुद्दाम तसं पान बनवून ठेवलं असेल आणि आपण ते नुसतं उघडलं, तरी चोर आत शिरू शकत होता. फाईल बसवायला नको, ओटीपी द्यायला नको. आणि त्या भोकाचा वापर आधीच झाला असावा, असं कंपनीनंच जाहीर केलं होतं.

हे ऐकून मी जरा सावरून बसले. आजवर मला वाटायचं, आपण काही दाबलं नाही की आपण सुरक्षित.

लेकीनं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली, तीही इथं लिहायला हवी. जुलैतली ती दुरुस्ती पहिल्यांदा आली तेव्हा काही संकेतस्थळं नीट दिसेनाशी झाली. ॲपलला ती मागे घ्यावी लागली. दोनतीन दिवसांत सुधारून पुन्हा दिली. म्हणून पहिलीच्या कंसात ए होतं आणि माझ्या आयपॅडवर बसली तिच्या कंसात सी. म्हणजे दुरुस्ती करणाराही चुकतो. पण ही छोटी दुरुस्ती काढून टाकायची सोयही सेटिंग्जमध्ये ठेवलेली असते. "चुकली तर मागे घेता येते आई," ती म्हणाली. "चोरीला गेलेलं मागे घेता येत नाही."

"पण एवढी घाई कशाला? आठवडाभरानं केलं तर?"

यावर तिनं जे सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. भोक असतं तोवर ते थोड्यांनाच माहीत असतं. दुरुस्ती आली की ती सगळ्यांच्या समोर येते, चोरांच्याही. दुरुस्ती उलगडून बघितली की भोक नेमकं कुठं होतं ते त्यांना कळतं. मग ते शोधत निघतात, ते नाही म्हणणाऱ्यांना, 'नंतर' म्हणणाऱ्यांना. गल्लीत सांगितलं की अमक्या कंपनीचं कुलूप कुठल्याही किल्लीनं उघडतंय, या, बदलून न्या. ज्यांनी बदललं ते सुटले. ज्यांनी नाही बदललं, त्यांचं दार उघडं आहे हे आता सगळ्या गावाला माहीत.

२०१७ चं उदाहरण तिनं दिलं. मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्ये विंडोजची एक दुरुस्ती दिली होती. मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा प्रकार जगभर पसरला, कॉम्प्युटरमधल्या फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारा. इंग्लंडमधल्या कितीतरी सरकारी दवाखान्यांतल्या रुग्णांच्या तारखा रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती येऊन दोन महिने झाले होते. लावायची राहिली होती, एवढंच.

त्या रात्री मला सासूबाई आठवल्या. आमच्या घरी पाणी गाळून घ्यायची रीत. नळाला दुहेरी फडकं, हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकं. मी नवी नवरी, कॉलेज शिकून आलेली. सकाळी गाळलेलं पाणी त्या दुपारी पुन्हा गाळायला सांगायच्या. मी एकदा म्हटलं, "आत्या, सकाळीच गाळलंय की." त्या म्हणाल्या, "गाळलेलं दोन घटकाच. मग परत न गाळल्यासारखंच." दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. तेव्हा मला तो हट्ट वाटला होता. पाण्यात पुन्हा जीव होतात, म्हणून पुन्हा गाळायचं. एकदा गाळलं म्हणजे कायमचं झालं असं नाही, एवढी सरळ गोष्ट त्या सांगत होत्या. फोन घेतला तेव्हा दुकानदारानं सगळं करून दिलं होतं, आता काय त्याला, असं मी सव्वा वर्ष म्हणत होते. सासूबाईंनी ऐकून घेतलं नसतं.

लेक गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मंडळाची बैठक होती. मी विषय काढला. सोपं नव्हतं. ज्या जागी उभी राहून मार्चमध्ये बोलले होते त्याच जागी उभी राहून म्हणाले, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं." बायका हसल्या, काहीतरी गंमत करते आहे असं वाटलं त्यांना. मग मी फेब्रुवारीतलंही सांगितलं. मिरच्यांचे हात, अक्कांचा फोन, माझं "दाबा की". हे बोलताना अक्कांकडे बघायचं धाडस झालं नाही. हॉलमध्ये कुणी बोलेना.

अक्का खुर्चीवर बसल्या होत्या. गुडघ्यामुळं त्यांना खाली बसवत नाही. त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. आता फोन काढा सगळ्यांचे, आणि ती सांगते तसं करा. हिला सांगायचं होतं तेव्हा बघितली नाही, आता बघू दे एकेक."

बायका हसल्या, मीही हसले. पण तो टोला मला लागायचा तिथं लागला. पाचही महिने त्यांच्या मनात ते होतं तर.

त्या दिवशी आम्ही सव्वीस फोन बघितले. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये शेवटी 'अबाउट फोन' असतं. त्यात अँड्रॉइडची आवृत्ती उघडली की सुरक्षा दुरुस्तीची तारीख दिसते. गूगल २०१५ पासून दर महिन्याला अशा दुरुस्त्यांची यादी जाहीर करतं. पण ती आपल्या फोनवर कधी येणार ते फोन बनवणाऱ्या कंपनीवर असतं. म्हणून त्याच्याजवळच 'गूगल प्ले सिस्टिम अपडेट' अशी आणखी एक ओळ असते, तीही बघायची. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून ही सोय आली. काही भागांची दुरुस्ती कंपनीची वाट न बघता थेट येते.

आयफोन, आयपॅड तिघीचौघींकडेच होते. तिथं सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, ऑटोमॅटिक अपडेट्स. त्यात सिक्युरिटी रिस्पॉन्सची पट्टी चालू ठेवली की आपण विसरलो तरी काम होतं. आता नव्या आवृत्त्यांत तिचं नाव आणि जागा बदलली आहे. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्ये 'बॅकग्राउंड सिक्युरिटी इम्प्रूव्हमेंट्स' म्हणून ती सापडते. मोठ्या अपडेटच्या आधी मात्र फोटो आणि नंबर कुठंतरी साठवून घ्यावेत, फोन चार्जिंगला लावावा आणि घरच्या वायफायवर करावं. झोपायच्या आधी लावलं की सकाळी झालेलं असतं.

सव्वीसपैकी सहाच फोनांची तारीख चालू वर्षातली होती. सगळ्यात जुनी २०१९ ची. ती आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशींची, नातवानं टाकून दिलेला फोन वापरतात. बटण दाबून बघितलं तर फोन म्हणाला, तुमचा फोन अद्ययावत आहे. म्हणजे त्या फोनला कंपनीनं आता काही पाठवणंच बंद केलं होतं. त्यावर बँकेचं ॲप होतं. मावशींना नवा फोन घ्या म्हणायला तोंड होईना. शेवटी त्यांच्या संमतीनं बँकेचं ॲप तेवढं काढलं. प्रवचनं ऐकायला, भजनाला आणि मुलीशी बोलायला फोन ठेवला. पैशाचं काम सुनेच्या फोनवरून, किंवा पूर्वीसारखं पासबुक घेऊन बँकेत. मावशी म्हणाल्या, "बरं झालं. त्या निमित्तानं बाहेर तरी पडीन."

मैत्रिणींनो, अपडेट केलेला फोन म्हणजे चोर येणारच नाही, असं मला म्हणायचं नाही. मी लेकीला हेच विचारलं होतं, अक्कांचा फोन ताजा असता तर पैसे वाचले असते का? ती म्हणाली, "बहुतेक नाही. त्यांनी कडी स्वतः काढली होती." आपण बाहेरचं ॲप बसवलं, ओटीपी सांगितला, तर कुठलीच दुरुस्ती आपल्याला वाचवत नाही. दोन्ही गोष्टी लागतात. घराला कुलूप चांगलं लागतं, आणि दार कुणाला उघडायचं याची अक्कलही लागते. मी अक्कांच्या बाबतीत दुसरी वापरली नाही, आणि मंडळातल्या बायकांचं पहिलं काढून घेतलं.

गेल्या आठवड्यात अक्का घरी आल्या होत्या. मी कणीक मळत होते. त्यांनी फोन पुढं केला. "अग, हे आलंय बघ. दाबू की नको?"

मी परात बाजूला सारली, हात धुतले, पदराला पुसले आणि चष्मा लावून त्यांच्या शेजारी बसले.

"कुठून आलंय अक्का?"

"बंद केलो मी ते. मग सेटिंग्जमधी जाऊन बघितलो. तिथंबी आहे."

मी बघितलं. होतं. त्या महिन्याची तारीख होती.

"मग दाबा," मी म्हटलं.

त्यांनी दाबलं. गोल फिरायला लागलं तसा त्यांनी फोन ओट्यावर ठेवला आणि कणकेची परात स्वतःकडे ओढून घेतली. "होऊ दे ते सावकाश," म्हणाल्या. "तोवर मी मळतो, तू पोळपाट घे."